बोटीचे तीन कागद

टक्.

इस्त्रीचा लाल दिवा विझताना एवढाच आवाज होतो. पण दुपारी दोन वाजता नंदाखालमध्ये तेवढाही पुष्कळ असतो. केळीची पानं हलायची थांबली होती. घरामागचं बावखल, म्हणजे वाडीला पाणी पाजणारं ते जुनं गोडं तळं, कुणी चादर ताणून घातल्यासारखं सपाट पडलं होतं. पाच वर्षांची शॅनन पंख्याखाली पालथी झोपली होती, मुठीत कपड्यांचा निळा चिमटा धरून. आणि तिच्याशेजारी प्रिस्का नुसतीच पडली होती, डोळे उघडे ठेवून.

ही तिची वेळ. मुलगी झोपलेली, नवरा अंधेरीला ऑफिसात, भांडी पालथी घातलेली. दिवसातला हा पाऊण तास कुणाच्याच मालकीचा नसायचा, म्हणून तो तिचा. पूर्वी ती या वेळात झोपायची. गेले दोन महिने ती बोटीवर जायची.

तिने बोट आतून कधी पाहिली नव्हती. पण प्रवासाचे नियम शोधता शोधता बोटीच्या कंपनीच्या साइटवर तिने इतके नकाशे पाहिले होते की डोळे मिटले तरी तिला जिने सापडायचे. अकराव्या मजल्यावर मागच्या अंगाला लाकडी फरशी होती. तिथे कठडा अर्धगोल वळतो आणि त्याच्यापुढे काहीच नसतं. प्रिस्का रोज दुपारी तिथे आपल्या सासूला नेऊन उभी करायची. ॲंजेला, वय त्रेसष्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, केसांना खोबरेल, दोन्ही हात कठड्यावर. मागे जेनोवा लहान होत चाललंय. पुढे नेपल्स, पालेर्मो, बार्सेलोना, मार्सेल, आणि फिरून जेनोवा. ही नावं तिला माळेच्या मण्यांसारखी पाठ झाली होती. म्हणता म्हणता ती गादीपासून चार बोटं वर उचलली जायची.

आज तर ते खरंच होणार होतं. शुक्रवार. रात्री अकराला टॅक्सी, पहाटे विमान, रविवारी दुपारी चारला बोट. बाहेरच्या खोलीत सासरे शेवटचे कपडे इस्त्री करत होते. टक्.

आणि उशीखाली फोन थरथरला.

लॅबचा मेल होता. प्रिस्काला क्षणभर कळेचना की कसला; कोविडच्या टेस्ट तर सकाळीच आटोपल्या होत्या. मग तिच्या ध्यानात आलं. हा कालचा. पीसीआरचा. जो आता कुणाला नको होता. तिने सहज उघडला. सासऱ्यांचा निगेटिव्ह. मग सासूचा उघडला.

ॲंजेला. वय त्रेसष्ट. स्त्री. पॉझिटिव्ह.

गादीपासून चार बोटं वर असलेली प्रिस्का खाली आली.

*

प्रिस्काचा सासरा फर्डिनंड एकतीस वर्षं बोटीवर होता. इकडे कुणी ‘बोटीवर आहे’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. बंगल्यावर जहाजाचा नांगर रंगवलेला असतो आणि कपाटात बोटीवरून आणलेले, न वापरलेले साबण असतात. फर्डिनंडच्या घरावर नांगर नव्हता. तो लाँड्रीत होता. पाण्याच्या रेषेखाली, जिथे खिडकी नसते. तीन हजार माणसांच्या चादरी रोज वरून खाली यायच्या आणि परत वर जायच्या. “समुद्र मी दोनदाच बघायचो,” तो सांगायचा, “चढताना आन उतरताना. मधले नऊ महिने नुसता त्याचा आवाज. तोही मशीनचाच असेल म्हणा.”

आणि त्या एकतीस वर्षांत दरवेळी ॲंजेला फाटकाशी उभी असायची.

बोटीवर जाणाऱ्याच्या घरी आदल्या संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, व्हायची, सगळी आळी यायची, जाणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून जायची. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, लोणच्याची बरणी, कुणाकडून दुबईतल्या पोरासाठी पाकीट. या रोझरीचं सांगणं घरच्या बाईने करायचं असतं. फोनवर नाही. दारात जाऊन, उंबरा ओलांडून, घोटभर काहीतरी घेऊन. ॲंजेलाने हे सांगणं एकतीस वेळा केलं होतं, आणि एकतीस वेळा सगळे गेल्यावर खुर्च्या मोजून परत पाठवल्या होत्या.

मग फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. बोटी पुन्हा सुरू झाल्यात, जुन्या लोकांची आठवण आहे, आपण जोडीने सात रात्री पाहुणे म्हणून यावं. फर्डिनंडने पत्र तीनदा वाचलं. ॲंजेलाने एकदाच ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे वरच्या मजल्यावर?”

“वरच्या.”

“आणि मला दोन्ही बाजूंनी पाणी दिसेल?”

“चारी बाजूंनी दिसेल.”

“चारी नको. दोन पुरेत,” ती म्हणाली आणि वाडीत निघून गेली. पण त्या संध्याकाळी प्रिस्काने तिला केळीच्या रांगेत पाहिलं. हात मागे बांधून, हळूहळू, एक पाय थोडा फाकवून टाकत ती चालत होती. हलत्या जमिनीवर चालायची सवय करत होती.

नियमांचं खातं प्रिस्काकडे आलं, कारण घरात इंग्रजी मेल न घाबरता उघडणारी तीच. चर्चच्या कॅलेंडरचं मागचं एक पान काढून तिने ते उलटं, कोऱ्या बाजूने, भिंतीला चिकटवलं, नियम लिहायला. विमानाचा नियम वेगळा, देशाचा वेगळा, बोटीचा आणखी वेगळा. आणि तिघेही बदलते. आधी म्हणाले लशीचे दोन डोस. मग तिसरा. मग फॉर्म, मग तो फॉर्म रद्द, मग मास्क विशिष्ट जातीचाच. सगळ्यात कठीण होतं ते पीसीआरचं. बोटीत चढण्याआधी बाहत्तर तासांच्या आतली टेस्ट हवी.

“बाहत्तर तास म्हणजे तीन दिवस,” ॲंजेला म्हणाली. “रविवारी चढायचं. म्हणजे शुक्रवारी टेस्ट.”

“आई, गुरुवारी.”

“कसं गं? शुक्रवार, शनवार, रविवार. मोज की तीन.”

“तसं नसतं मोजायचं.”

“का नसतं? आपले प्रभू शुक्रवारी गेले आणि तिसऱ्या दिवशी उठले. रविवारीच उठले ना? की तुझ्या कंपनीचा येशू सोमवारी उठतो?”

फर्डिनंड इतका हसला की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. ईस्टर होऊन दहाच दिवस झाले होते; वाद घालायला प्रिस्काकडे जागाच नव्हती. तरी तिने घातला. इटलीचे चार म्हणजे आपले साडेसात, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी साडेसातनंतर. शुक्रवारी केली तर रिपोर्ट यायच्या आत विमान उडेल. तिने कॅलेंडरवर बाण काढून दाखवले. ॲंजेलाने बाण बघितले आणि म्हणाली, “शिकलेली आहेस बाय तू. कर तुझ्या मनासारखं.”

गुरुवारी पावणेआठला आचोळ्याहून दिपिका आली, स्कूटरवर, लॅबची पेटी मागे बांधून. व्हरांड्यातच तिने दोघांच्या नाकात काडी घातली. शुक्रवारी सकाळी सहाला कंपनीचा मेल: आता पीसीआर नको. अँटीजेन चालेल, लॅबच्या माणसासमोर केलेली, चढण्याच्या आदल्या दोन दिवसांत कधीही. तास नाहीत, दिवस.

“बघ!” ॲंजेला म्हणाली. “शेवटी त्यांनाही दिवसच मोजावे लागले.”

दिपिका दहा वाजता परत आली. “मावशी, माझ्याशिवाय करमत नाही ना तुम्हाला?” पंधरा मिनिटांत निकाल. एक रेघ, एक रेघ. दोघं निगेटिव्ह. दिपिका नको नको म्हणत असताना ॲंजेलाने तिला नारळ दिला, आणि शॅननने त्या दोन पट्ट्या बाहुलीच्या दवाखान्यासाठी मागून घेतल्या.

आणि आता हा कागद. प्रिस्काच्या डोक्यात एकच गोष्ट येत राहिली. आईंच्या मोजणीने गेलो असतो तर हा कागद जन्मलाच नसता. तिचं गणित बरोबर होतं. तिच्या बरोबर गणितातूनच हा आला होता.

*

तिने डॉक्टरांना फोन लावला. गावातले म्हातारे डॉक्टर, ॲंजेलाची नाडी तीस वर्षं ओळखणारे.

“फेब्रुवारीच्या शेवटी ताप आलेला ना तिला?” ते म्हणाले. “घरी पट्टीवर पॉझिटिव्ह. हे त्याचंच उरलंसुरलं असणार. पीसीआर फार खोदून बघते गं. माणूस घर सोडून गेला तरी भिंतीवरचा खिळा सापडतो, तसं. सकाळची अँटीजेन निगेटिव्ह आहे ना? मग पाठव तिला. मी लिहून देतो, होऊन गेलाय म्हणून.”

“म्हणजे नक्की?”

“नक्की असं... घरात, शेजारी कुणाला खोकला वगैरे? चार-पाच दिवसांत?”

“नाही हो. आम्ही फाटकाला दोरी बांधलीय पंधरा दिवस. कुणालाच आत घेतलं नाही.”

“मग झालं तर.”

दहा मिनिटांत त्यांचं पत्रही फोनवर आलं. प्रिस्का बसली. एका कागदावर आहे, एकावर नाही, एकावर होता. तिन्हींवर नाव एकच, सही-शिक्का तिन्हींवर. आणि कंपनी फक्त मधला मागत होती.

तिने नियम पुन्हा वाचले. न मागितलेला कागद दाखवा असं कुठेच नव्हतं. मेल तिच्याच फोनवर आला होता. दोन वेळा बोट टेकवलं की तो गेला असता. रात्री टॅक्सी आली असती, आणि रविवारी चार वाजता अकराव्या मजल्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट. तिला तो कठडा इतका स्पष्ट दिसला की त्याचा गारवा तळहाताला लागला.

“मम्मा,” शॅनन जागी झाली होती. कधीपासून कोण जाणे. “कुणाला खोकला आहे?”

“कुणाला नाही. झोप.”

“यमुनाकाकीला आहे.”

यमुना बावखलाच्या पलीकडच्या काठावर राहायची. प्रिस्काने वळून पाहिलं. शॅननने चिमटा बोटाला लावला होता आणि बोट लाल होऊ देत होती.

“तुला कसं माहीत?”

“आम्ही गेलो ना. मी आणि आजी. सोमवारी. आजी सगळ्यांकडे सांगायला गेली. मला म्हणाली, मम्माला बोलू नको, मम्मा दोरी बांधते.” मग जरा विचार करून, “यमुनाकाकीने पेज दिली. आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती अशी खोकत होती.” आणि तिने ते करून दाखवलं, उशीत तोंड घालून, फार मन लावून.

प्रिस्काला रागही धड आला नाही. जायच्या आधी दारोदार जाऊन सांगायचं असतं. एकतीस वेळा दुसऱ्याच्या जाण्याचं सांगितलेल्या बाईने बत्तिसाव्या वेळी स्वतःच्या जाण्याचं सांगणं सोडावं, दोरी बांधलीय म्हणून? प्रिस्काच्या कॅलेंडरवर सगळ्या नियमांना जागा होती, याला नव्हती.

*

फर्डिनंड ॲंजेलाचा निळा शर्ट इस्त्री करत होता. कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या. हा क्रम त्याने आयुष्यात कधी बदलला नव्हता. प्रिस्काने फोन पुढे केला.

“चष्मा नाही. कागदावर दाखव.”

तिने तिन्ही छापले. प्रिंटर खाकरला, थांबला, पुन्हा खाकरला. फर्डिनंडने ते टेबलावर एकाशेजारी एक ठेवले आणि चादरीवरचा डाग शोधावा तसे तिरके उजेडात धरून पाहिले. प्रिस्काने डॉक्टरांचं सांगितलं. नियमाचं सांगितलं. यमुनाचंही सांगितलं.

“जाता येईल, पप्पा,” ती म्हणाली. “नियमाने जाता येईल.”

त्याने शर्टाची दुसरी बाही घेतली.

“लाल पिशव्या असायच्या,” तो म्हणाला. “दोन हजार वीसला. ज्या खोलीत आजारी माणूस, तिथल्या चादरी लाल पिशवीत यायच्या. पिशवी उघडायची नाही. तशीच मशीनमध्ये टाकायची, गरम पाण्यात पिशवीच विरघळते. चांगली सोय केलेली.” इस्त्री पुढे गेली, मागे आली. “पण वरती ज्याला वाटायचं, आपल्याला काही नाही, त्याच्या चादरी साध्या पिशवीत यायच्या. त्या आम्ही झटकायचो. हाताने.”

टक्.

“वटारचा सुरज होता माझ्याकडे. सत्तावीस वर्षांचा. झटकताना गाणं म्हणायचा.”

प्रिस्काने सुरज हे नाव या घरात कधी ऐकलं नव्हतं.

“त्याचे कपडे मीच इस्त्री करून घरी पाठवले,” फर्डिनंड म्हणाला. “सात शर्ट. बटणं लावून.”

शर्ट हँगरला गेला. फर्डिनंडने वरचं बटण लावलं, मग ते काढलं, मग पुन्हा लावलं.

“तिला कोण सांगणार?” प्रिस्काने विचारलं.

“कोण कशाला सांगायला पाहिजे?” दारातून आवाज आला. “मी काय बहिरी आहे?”

ॲंजेला उभी होती. तिने पँट घातली होती. महिनाभर ती दुपारी वाडीत, कुणी बघत नसताना, ही पँट घालून फिरायची. आज पहिल्यांदा घरात घातली होती. काळी, इस्त्रीची, घडी नीट पडलेली.

“फर्डिनंडसाहेब,” ती म्हणाली. तो तिला चिडवायला ‘मॅडम’ म्हणायचा, आणि खरोखर चिडल्यावर ती त्याला साहेब म्हणायची. “एकतीस वर्षं तुम्ही बोटीवर आणि मी फाटकावर. आता तुम्ही म्हणता, मॅडम, तुम्ही फाटकावरच बऱ्या.”

“मी असं म्हटलं नाही.”

“मग काय म्हटलंत?”

त्याने इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली, इस्त्री अजून गरम होती तरी.

“मला काही होत नाहीये,” ॲंजेला म्हणाली. “ताप नाही, घसा नाही. सकाळी तुमच्यासमोर टेस्ट केली. यमुनाचा खोकला दरवर्षी आंब्याच्या दिवसांत असतो. विचारा कुणालाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“सुरजलाही वाटलेलं, काही होत नाहीये.”

ॲंजेलाने खुर्ची ओढली आणि बसली. पँटची घडी मोडू नये म्हणून गुडघ्यापाशी दोन्ही बाजूंनी ती जरा उचलून घेतली, फर्डिनंडने शिकवलं होतं तशी. मग ती त्या तीन कागदांवर वाकली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आपलं नाव तेवढं ती ओळखत होती, ते तिने तिन्ही कागदांवर बोट ठेवून शोधलं.

“सुरजचं मला का नाही सांगितलंत?” तिने विचारलं.

“दोन वर्षं सांगेन सांगेन म्हणतोय.”

“त्याची आई आहे वटारला?”

“आहे.”

“तिच्याकडे जाऊ आपण,” ॲंजेला म्हणाली. “हे सगळं झालं की.” मग तिने नाक ओढलं आणि प्रिस्काकडे वळली. “तुझ्या त्या लोकांना कळव. पुढे कधीचं मिळतंय बघ. आणि रोझरी होणार. मी सगळ्यांना सांगून आलेय. सांगितलेलं परत घेत नसतात.”

“आई, घरात कुणाला—”

“घरात कोण म्हणतंय? मी इकडे बसते. ते यमुनाच्या बाजूला बसतील. मधे पाणी आहेच.”

*

कंपनीचं उत्तर लगेच आलं, माणसाने लिहिलेलं नसावं इतकं लगेच. सप्टेंबरमध्ये बदलून मिळेल. त्या वेळी लागू असलेले नियम पाळावे लागतील. प्रिस्काने कॅलेंडरवर सप्टेंबर शोधला. पान तिनेच फाडलं होतं. मागच्या बाजूला होता तो, तिच्या बाणांखाली.

साडेपाचला बावखलाच्या पलीकडच्या काठावर माणसं जमायला लागली. ज्याने त्याने आपापली खुर्ची आणली होती. दुपारपासून चादर ताणून झोपलेलं पाणी आता वाऱ्याने जरा जरा उकलत होतं, आणि त्यात सगळी आळी उलटी उभी होती. सगळ्यात पलीकडे, माडाखाली, यमुना तोंडाला पदर लावून उभी राहिली. जातीने, धर्माने वेगळी, पण या रोझरीला ती एकतीसच्या एकतीस वेळा आली होती आणि तिला ती पाठ होती.

“ॲंजेला गं!” ती पाण्यावरून ओरडली. “माझा खोकला कवाच गेला. तू कशाला घेतलास?”

“तू दिलास म्हणून!”

“मी पेज दिलेली, खोकला नाय! आन हे पायांत काय घातलंस? कोन म्हातारा बसलाय वाटलं मला!”

पलीकडचा सगळा काठ हसला. हसू पाण्यावरून अलीकडे यायला जरा वेळ लागला, म्हणून ॲंजेला सगळ्यांच्या नंतर हसली.

ती मागच्या व्हरांड्याच्या कठड्याशी बसली होती. निळा शर्ट, काळी पँट, पांढरे बूट. डावीकडे बावखल, उजवीकडे शेजारच्या वाडीचा पाट, दुपारी पाणी सोडलेलं म्हणून भरून वाहत होता. फर्डिनंड आला. त्याने दुमडलेल्या हातावर पांढरा टॉवेल टाकला होता. दोन हात लांब टेबल ठेवून त्याने त्यावर चहा ठेवला आणि मागे सरला. आतल्या खोलीत तो अर्धा तास काय करत होता ते प्रिस्काने पाहिलं होतं: ॲंजेलाचा पलंग त्याने बोटीवरच्यासारखा लावला होता, चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून, आणि उशीवर टॉवेलचा हंस. अशा हंसांना लागणारे हजारो टॉवेल त्याने धुतले होते. हंस करायला मात्र तो कधी वर गेला नव्हता. हंसाची मान थोडी कललेली होती.

“मॅडम, काही हवं?”

“साहेब, साखर कमी आहे.”

पलीकडून पहिला आवाज उठला, मग सगळे. शब्द पाण्यावर येईपर्यंत एकमेकांत मिसळायचे आणि नुसता सूर पोचायचा. ॲंजेलाचे ओठ हलत होते. तिने दोन्ही हात कठड्यावर ठेवले होते. पाटाचं पाणी एका बाजूने वाहत होतं, बावखलावरची सावली दुसऱ्या बाजूने; दोन्हींकडे एकदम पाहिलं तर प्रिस्काला व्हरांडा सरकल्यासारखा वाटला. फार नाही. दोरी सोडल्यावर होडी सरकते तेवढाच. पलीकडची माणसं, खुर्च्या, माड, पदर लावलेली यमुना, हळूहळू मागे चालली होती.

तिने डोळे मिटले नाहीत. या वेळी मिटायची गरज पडली नाही.

“मम्मा.”

शॅनन पायरीवर उकिडवी बसली होती, जिथे पायऱ्या पाण्यात उतरतात तिथे. तिच्यासमोर तीन कागदी होड्या तरंगत होत्या. प्रिस्काने दारातून आतल्या टेबलाकडे पाहिलं, जिथे ते तीन कागद ठेवले होते. टेबल रिकामं होतं. होड्यांच्या घड्यांवर कुठे शिक्क्याचा जांभळा तुकडा दिसत होता, कुठे ॲंजेलाच्या नावाचं एक अक्षर. शाई पाण्यात सुटायला लागली होती. तिन्ही होड्या एकसारख्या होत्या, आणि तिन्ही नीट तरंगत होत्या. वारा आला तशा त्या एकमेकींना लागून फिरल्या, आणि कुठली कुठे गेली ते कळेनासं झालं.

शॅननने हातातला निळा चिमटा उचलला. तिला तो एका होडीला लावायचा होता, झेंडा म्हणून. पण कुठल्या, ते तिचं ठरेना. तिने मान वर करून आईकडे पाहिलं.

“मम्मा, यातली खरी कुठली?”